जुन्या गाडीत बाहेरून बसवलेले इंडिकेटर: डावा दुप्पट वेगाने टिकटिकतो, मागे उजेडच नाही (नागपूर)

बेसाकर · ६ जुलै, रात्री १०:२०

नमस्कार मंडळी. मार्चमध्ये एक जुनी पेट्रोल हॅचबॅक घेतली. २०१३ची, एमएच-४९ पासिंग, मी तिसरा मालक. इंजिन उत्तम आहे, बॉडीला गंज नाही. मॉडेलचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण दोष गाडीचा नाही. आधीच्या मालकाने हौसेने बाहेरून जे दिवे बसवून घेतले, त्यांचा हा त्रास आहे.

पुढे दोन्ही हेडलाइटखाली एलईडीची पट्टी आहे. एरवी पांढरी लागते, इंडिकेटर दिला की पिवळी होऊन धावते. मागे इंडिकेटरच्या होल्डरमध्ये एलईडी बल्ब टाकलेत. गाडी पाहिली तेव्हा भर दुपार होती, सगळं लागत होतं. आता पाऊस सुरू झाल्यापासून हे होऊन राहिलं:

डावा इंडिकेटर दिला की टिकटिक दुप्पट वेगाने, उजवा ठीक. डावा चालू असताना ब्रेक दाबला तर मागचा डावा ब्रेकलाइट मंद होतो आणि इंडिकेटरच्या तालावर लुकलुकतो. हेडलाइटच्या आधीचे छोटे दिवे लावले की पुढची डावी पट्टी अगदी फिकट पिवळी पेटते. आणि गेल्या महिन्यात आठ दिवस गावी गेलो होतो, परत आलो तर बॅटरी पूर्ण झोपलेली.

काल रात्री वर्धा रोडवर डबल डेकर पुलाखालून मनीषनगरकडे डावीकडे वळत होतो. मुलगी मागच्या सीटवर डाव्या बाजूला. मागून एक मोटारसायकल डावीकडून थेट तिच्या दारापर्यंत आली. त्याने करकचून ब्रेक मारला म्हणून वाचलो. तो म्हणाला, "इंडिकेटर द्या नं भाऊ." मी दिला होता. आत टिकटिक वाजत होती, मागे काही लागतच नव्हतं. घरी आल्यावर बायकोला मागे उभं करून पाहिलं तेव्हा कळलं. रात्रभर झोप लागली नाही.

एका दुकानात दाखवलं तर ते म्हणाले, "आणखी एक रेझिस्टर टाकतो, साडेतीनशे रुपये, वेग बरोबर होईल." टाकू का?

---

संत्रानगरी · ६ जुलै, रात्री १०:४८

टाकून घ्या. माझ्या गाडीत एलईडी आहेत, सहा ओहमचा रेझिस्टर टाकल्यावर वेग लगेच ठीक झाला. दोन वर्षं झाली.

---

जुना_वायरमन · ६ जुलै, रात्री ११:३५

बेसाकर, उद्या काहीही टाकू नका. आधी माझं वाचा. तीस वर्षं गाड्यांचं वायरिंग केलं आहे, आता दुकान मुलगा पाहतो.

ती जलद टिकटिक बिघाड नाही, निरोप आहे. कंपनीच्या इंडिकेटरमध्ये एका बाजूला पुढे २१ वॅट, मागे २१ वॅट आणि फेंडरवर ५ वॅट असे बल्ब असतात. बारा व्होल्टवर मिळून जवळपास ४ अँपिअर. इंडिकेटर लुकलुकवणारा इलेक्ट्रॉनिक फ्लॅशर हा करंट मोजत असतो. एक मोठा बल्ब उडाला की करंट दोन-सव्वादोनवर येतो आणि फ्लॅशर मुद्दाम वेग वाढवतो, म्हणजे ड्रायव्हरला गाडीतून न उतरता कळावं. फार जुन्या गाड्यांत पत्र्याची पट्टी तापून चालणारा फ्लॅशर असायचा, त्याचं उलट. करंट कमी झाला की तो मंदावतो नाहीतर अडकून बसतो.

एलईडी बल्ब दोन-तीन वॅट घेतो. फ्लॅशरला वाटतं बल्ब उडाला. म्हणून लोक रेझिस्टर, म्हणजे करंट खाऊन तापणारा रोध, जोडून फ्लॅशरला खोटा भार दाखवतात. त्याचा परिणाम असा की उद्या तुमची एलईडी खरोखर मेली तरी रेझिस्टर करंट घेतच राहणार आणि आत टिकटिक एकदम व्यवस्थित वाजणार. काल तुम्हाला निदान जलद वाजून सांगितलं तरी. आणखी एक रेझिस्टर टाकला असता तर तेही बंद झालं असतं.

दुसरी गोष्ट उष्णतेची. इंजिन चालू असताना चौदा व्होल्ट धरा. सहा ओहममधून सव्वादोन अँपिअर जातात, म्हणजे लागलेला असताना तीस-बत्तीस वॅट. रेडिओ दुरुस्तीची साधी सोल्डरिंग आयर्न पंचवीस वॅटची असते, तिने शिसं वितळतं. इंडिकेटर अर्धा वेळ बंद असतो म्हणून निभावतं. पण चारही इंडिकेटर लावून गाडी वीस मिनिटं रस्त्याच्या कडेला उभी राहिली तर त्या रेझिस्टरला बोट लावून पाहा. त्यावर ५० वॅट लिहिलेलं असतं, ते लोखंडी पत्र्याला स्क्रूने घट्ट बसवला तरच खरं. बहुतेक ठिकाणी तो प्लास्टिकच्या बंपरला केबल टायने बांधलेला सापडतो. आणि आपल्या नागपुरात मे महिन्यात उभ्या गाडीचा पत्रा आधीच किती तापतो, ते सांगायला नको.

आता तुमची लक्षणं. ब्रेक दाबल्यावर इंडिकेटरच्या तालावर दिवा लुकलुकतो, याचं एकच मोठं कारण असतं: त्या कोपऱ्याची अर्थिंग, म्हणजे बॉडीतून बॅटरीच्या निगेटिव्हकडे जाणारी करंटची परतीची वाट, गेली. अर्थ मिळाली नाही की ब्रेकचा करंट शेजारच्या दिव्यातून वाट काढत जमिनीला जातो. रेझिस्टरचीही अर्थ तीच असेल तर तोही करंट घेत नाही, म्हणून टिकटिक जलद. पुढची पट्टी फिकट पेटते, तीही तीच जात. पट्टीची काळी वायर सैल असणार, करंट पिवळ्या वायरीतून उलटा फिरून दुसऱ्या बल्बच्या तारेतून जमीन शोधत असणार.

तुमच्याकडे एक-दोन आजार असतील, चार नाहीत. बॅटरीचं मात्र वेगळं वाटतं.

---

सदरची_लेक · ७ जुलै, सकाळी ८:०५

बेसाकरदादा, मुलगी सुखरूप आहे हे वाचून बरं वाटलं. माझा एकच आग्रह: दुरुस्त होईपर्यंत मुलीला उजव्या बाजूला बसवा, आणि शक्य असेल तर हात दाखवून वळा.

---

बेसाकर · ७ जुलै, सकाळी ८:४०

धन्यवाद ताई. आजपासून गाडी बंदच ठेवली आहे, शाळेत स्कूटरने सोडलं.

वायरमनकाका, तुमचं लिहिलेलं दोनदा वाचलं. माझ्याकडे मल्टिमीटर आहे, थोडंफार जमतं. कुठून सुरुवात करू?

---

जुना_वायरमन · ७ जुलै, दुपारी १:१५

पहिली तपासणी फुकटची. चारही इंडिकेटर एकदम लावा. टिकटिक साध्या वेगाने चालली तर फ्लॅशर चांगला आहे, बदलायच्या भानगडीत पडू नका. कोणता कोपरा लागत नाही ते फिरून पाहा.

दुसरी: मागचा डावा लॅम्प खोला. एलईडी काढा आणि कंपनीचा २१ वॅटचा पिवळा बल्ब लावा. पन्नास-साठ रुपयांना मिळतो. पिनांचा बल्ब असेल तर पाहून घ्या, पिवळ्याच्या पिना सरळ समोरासमोर नसतात, किंचित तिरक्या असतात. पांढरा बल्ब त्या होल्डरमध्ये चुकून जाऊ नये म्हणून कंपनीने तसं केलं आहे. काही लोक पिन घासून बसवतात, तसं करू नका. खोबणीत दाबून बसणारा काचेचा असेल तर प्रश्न नाही.

तिसरी, आणि खरी. नुसत्या मल्टिमीटरने वायरीवर बारा व्होल्ट दिसतील आणि तुम्ही म्हणाल वायर ठीक आहे. तिथेच सगळे फसतात. सडलेल्या जोडातूनही भार नसताना बारा व्होल्ट दिसतात. म्हणून बल्ब लावलेला ठेवूनच मोजायचं. मीटरची काळी पिन बॅटरीच्या निगेटिव्हवर, लाल पिन बल्बच्या होल्डरच्या अर्थ वायरीवर. लांब पडेल, चार-पाच मीटर वायर जोडून घ्या. इंडिकेटर चालू करा. शून्याच्या आसपास, पाव व्होल्टच्या आत हललं तर अर्थ चांगली. दोन-तीन व्होल्ट उड्या मारत असतील तर चोर सापडला.

---

पुण्याहून · ७ जुलै, दुपारी ३:३०

एक वेगळा मुद्दा. एलईडीला सरसकट नावं ठेवू नयेत असं मला वाटतं. आजकाल कंपनीतूनच एलईडी इंडिकेटर येतात आणि ते दहा-दहा वर्षं टिकतात. बेसाकरांनी भार न मोजणारा फ्लॅशर टाकला तर रेझिस्टरची गरजच उरत नाही, गरमही होत नाही.

---

जुना_वायरमन · ७ जुलै, रात्री ९:५०

पुणेकर, तुमचं बरोबर आहे. कंपनीच्या एलईडी लॅम्पमध्ये आरसा, काच, उष्णता बाहेर टाकणारा पत्रा, सगळं त्या एलईडीसाठी बेतलेलं असतं. बिघाड ओळखण्याची सोयही वेगळी दिलेली असते. माझी तक्रार बल्बच्या आरशात एलईडी खुपसण्याबद्दल आहे. तो आरसा एका तारेच्या जागेवर बेतलेला असतो. एलईडीच्या चिप बाजूंना तोंड करून बसतात, उजेड आरशाला हवा तसा लागत नाही. समोर उभं राहून पाहिलं तर डोळे दिपतात, पण तिरकस पाहिलं तर फिका. आणि मोटारसायकलवाला नेहमी तिरकसच येतो. त्यात पिवळ्या काचेमागे पांढरी एलईडी असेल तर बहुतेक उजेड काचच खाते.

भार न मोजणाऱ्या फ्लॅशरने वेग ठीक होईल, मान्य. पण बल्ब उडाल्याची सूचना त्यातही जाते. शिवाय बऱ्याच नव्या गाड्यांत वेगळा फ्लॅशर नसतोच, बॉडीचं कंट्रोल युनिटच ते काम करतं. तिथे बदलणार काय?

---

निवृत्त_काका · ८ जुलै, सकाळी ६:५५

नियमाचं कुणी विचारलं नाही, तरी सांगून ठेवतो. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मधला नियम १०२ इंडिकेटरचा आहे. रंग अंबर, म्हणजे पिवळसर नारिंगीच हवा. लुकलुकण्याचा वेग मिनिटाला ६० पेक्षा कमी नको आणि १२० पेक्षा जास्त नको. बेसाकर, घड्याळ लावून तुमचा डावा मोजा.

---

बेसाकर · ८ जुलै, सकाळी ७:३०

काका, मोजला. उजवा ८४. डावा १६८.

---

हिंगण्याची_वाट · ८ जुलै, सकाळी ११:१०

माझ्या भावाच्या गाडीत असंच होतं. आम्ही पुढची पट्टी काढून टाकली आणि वायरी तशाच टेप मारून सोडल्या. पुढच्या पावसात फ्यूज उडायला लागला. काढायचं असेल तर मुळापासून काढा, अर्धवट नको.

बॅटरीसाठी एक करा. गाडी बंद, दारं बंद, चावी बाहेर. पंधरा-वीस मिनिटं थांबा म्हणजे आतलं सगळं झोपतं. मग निगेटिव्ह काढून मधे मीटर अँपिअरवर लावा. मीटर लावल्यावर चावी फिरवू नका किंवा दार उघडू नका, मीटरचा फ्यूज जातो. पन्नास मिलिअँपिअरच्या आत यायला पाहिजे.

---

बेसाकर · १० जुलै, रात्री ११:०५

मंडळी, गाडी खोलली. काल संध्याकाळी आणि आज पूर्ण दिवस. सगळं लिहितो, कारण तुम्ही सांगितलेला शब्द न् शब्द खरा निघाला.

आधी चारही इंडिकेटर लावले. वेग साधा, मागचा डावा बंद. म्हणजे फ्लॅशर ठीक. मग डिक्कीतून मागचा डावा लॅम्प काढला. लॅम्प आणि बॉडीच्या मधे जी रबरी पट्टी असते, तिच्यावरून दोन वायरी बाहेर काढलेल्या होत्या, बंपरमधल्या रेझिस्टरकडे. त्या दोन वायरींमुळे रबर तिथे बसतच नव्हतं. पावसाचं पाणी थेट त्या फटीतून आत. होल्डरच्या खाली पाण्याची रेघ आणि हिरवट पूड.

कंपनीची अर्थ वायर मधेच कापलेली होती. एलईडीची काळी, रेझिस्टरची वायर आणि ही कापलेली, तिघींना हाताने पीळ देऊन एका स्क्रूखाली दाबलं होतं, आणि तो स्क्रू रंग न खरवडता रंगावरच कसलेला. टेप काढली तर आतलं तांबं काळं पडून भुगा झालेलं. काकांनी सांगितल्याप्रमाणे साधा बल्ब लावून मोजलं: ४.१ व्होल्ट, इंडिकेटरच्या तालावर उड्या. मीटर पाहून मी तिथेच खाली बसलो. इतके दिवस मुलीला घेऊन ज्या गाडीत फिरत होतो, तिच्या एका कोपऱ्याचे सगळे दिवे त्या तीन पिळलेल्या तारांवर चालले होते.

रेझिस्टर बंपरच्या आतल्या बाजूला केबल टायने बांधलेला. प्लास्टिकला त्याच्याच आकाराचा खड्डा पडला आहे, कडा वितळून तपकिरी. फोटो टाकला आहे, जरूर पाहा.

मग पुढे. पट्टीला तीन वायरी. पिवळी इंडिकेटरच्या वायरीला जोडलेली, तीही कापून नव्हे, वायरीचं वरचं कव्हर चावून आत पातं घुसवणाऱ्या त्या निळ्या क्लिपने. क्लिपने मूळ वायरीचे निम्मे तंतू तोडले होते. काळी वायर हेडलाइटच्या प्लास्टिकच्या नटाखाली. प्लास्टिकच्या! तिला अर्थ कधी मिळालीच नव्हती. लाल वायर एका जास्तीच्या रिलेवर (विजेने चालणारा स्विच), आणि त्या रिलेची कॉइल थेट बॅटरीवर, कायम चालू. हिंगण्याच्या दादांची तपासणी केली: १८० मिलिअँपिअर. रिले उपटला की ३०. माझी बॅटरी ३५ अँपिअर-अवरची आहे. १८० म्हणजे दिवसाला सव्वाचार, आठ दिवसांत ३४. हिशेब बसला.

---

जुना_वायरमन · ११ जुलै, सकाळी ७:१०

शाबास. आता बांधणी घाईत करू नका. काळं पडलेलं तांबं नवीन जोडात वापरू नका. चकचकीत तांबं लागेपर्यंत मागे कापत जा, मग तेवढ्याच जाडीचा नवीन तुकडा जोडा. अर्थच्या वायरीच्या टोकाला गोल लग (धातूची कडी) दाबून लावा, बॉडीवरचा रंग वॉशरएवढा खरवडा, स्क्रू कसल्यावर वरून ग्रीस लावा. जोडावर उष्णतेने आवळणारी स्लीव्ह, शक्यतो आतून गोंद असलेली. नुसती काळी टेप इथल्या उन्हात दोन उन्हाळ्यांत चिकट होऊन सुटते.

तुटलेल्या तंतूंची वायर तशीच ठेवू नका. आज चालेल, खड्ड्यांनी उद्या तुटेल.

आणि हे घसा फोडून सांगतो: फ्यूजबॉक्समध्ये कुणी मोठा फ्यूज टाकला आहे का ते पाहा. झाकणावर किती अँपिअर लिहिलंय आणि आत किती आहे.

---

बेसाकर · १३ जुलै, संध्याकाळी ६:४५

काका, फ्यूज पाहिला. झाकणावर १५, आत ३०. हे तुम्ही विचारलं नसतं तर मी कधीच पाहिलं नसतं. १५चा टाकला.

काम पूर्ण झालं. वायरिंगचं बारीक काम ओळखीच्या एका ऑटो इलेक्ट्रिशियनकडून समोर बसून करून घेतलं, सोल्डरिंग माझ्या हाताला नीट जमेना. पट्ट्या, रेझिस्टर, रिले, निळ्या क्लिपा, सगळं मुळापासून काढलं. पुढे-मागे कंपनीचे पिवळे बल्ब. मागच्या दोन्ही लॅम्पला नवीन रबर. चार बल्ब २४० रुपये, रबर ३००, वायर-लग-स्लीव्ह १८०, मजुरी ९००. एकूण १,६२०.

आता डावा ८५, उजवा ८४. ब्रेक दाबून, छोटे दिवे लावून, चारही इंडिकेटर लावून, सगळं एकत्र पाहिलं. अर्थवर ०.०८ व्होल्ट. अंगणात पाइपने दहा मिनिटं पाणी मारलं, लॅम्प आतून कोरडा.

मागचा डावा बल्ब मुद्दाम काढून पाहिला. टिकटिक लगेच जलद झाली. तो आवाज ऐकून इतकं समाधान वाटलं, काय सांगू.

---

नवीन_सभासद_मानेवाडा · १३ जुलै, रात्री ९:२०

मी पुढच्या आठवड्यात जुनी गाडी पाहायला चाललो आहे. हा धागा वाचून धास्ती बसली. तिथे गेल्यावर काय काय पाहू?

---

बेसाकर · १३ जुलै, रात्री ९:५५

दुपारी जाऊ नका, ही माझी पहिली चूक होती. दिवस मावळताना जा आणि कुणाला तरी सोबत न्या. एकाने आत बसून ब्रेक दाबायचा, छोटे दिवे लावायचे, मग डावा, मग उजवा. दुसऱ्याने मागे उभं राहून पाहायचं की एक दिवा लागला की दुसरा मंद होतो का. बोनेट उघडून बॅटरीच्या प्लसवर कंपनीच्या जाड वायरींखेरीज एखादी बारीक लाल वायर जोडलेली आहे का पाहा. डिक्कीत लॅम्पच्या मागचं झाकण काढून निळ्या क्लिपा आणि टेप शोधा. सापडल्या म्हणून गाडी सोडू नका, माझी गाडी आजही मला आवडते. पण ते काढायचा खर्च आणि दोन दिवस किमतीतून मागा.

---

निवृत्त_काका · १४ जुलै, सकाळी ७:००

आणि नाव बदलायचे फॉर्म २९ आणि ३० त्याच दिवशी सही करून घ्या. विमाही १४ दिवसांच्या आत आपल्या नावावर करून घ्या, तोपर्यंत लांबवू नका.

---

नवीन_सभासद_मानेवाडा · १४ जुलै, सकाळी ९:१५

खूप आभार सगळ्यांचे. बेसाकर, गाडी वर्धा रोडलाच पाहायची आहे, शनिवारी संध्याकाळी साडेसहाला. तुम्हाला वेळ असेल तर याल का? मागे उभं राहायला माझ्याकडे कुणी नाही.

---

बेसाकर · १४ जुलै, सकाळी ९:३०

येतो. मीटर आणि पाच मीटर वायर घेऊन येतो. पत्ता निरोपात पाठवा.